सकाळचा चुका

"मॅडम, हा ब्लॉक किरकिरून राह्यला," नसीमभाई म्हणाले.

मी खिडकीपाशी चहा घेऊन उभी होते आणि माझ्या मते त्या दिवसाचं काम संपलं होतं. रिपोर्ट टाइप झाला होता, फक्त सही बाकी होती. बाहेर बाकावर अकोल्याहून आलेली पेशंटची बायको वाट बघत बसली होती. तिला रिपोर्ट आणि काही जास्तीच्या स्लाइड्स घेऊन दुसऱ्या दिवशी नागपूरला जायचं होतं, कारण ती नवऱ्याला आपली एक किडनी देणार होती. त्या जास्तीच्या स्लाइड्ससाठीच नसीमभाई पुन्हा कापायला बसले होते.

"किरकिरतो म्हणजे काय?"

"भाजी नीट न धुता केली की दाताखाली रेती येते का नाही? तसं. ब्लेडला लागतंय काहीतरी."

नसीमभाई माझे टेक्निशियन. डॉक्टर पेशंटच्या पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढतात. शेवयीच्या तुकड्याएवढाच असतो तो. बाटलीतून तो आमच्याकडे आला की त्यातलं पाणी काढून मेणात बसवायचा, त्याला ब्लॉक म्हणतात. मग नसीमभाई त्याचे काप काढतात, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. मी ते रंगवून मायक्रोस्कोपखाली बघते आणि किडनीला काय झालंय ते सांगते. माझी नणंद म्हणते, "तू पेशंटला हातच लावत नाहीस, मग डॉक्टर कशाची गं?" मी तिच्या नादी लागत नाही.

खरं सांगू? मला हे काम फार आवडतं, आणि त्याचं कारण काही वैद्यकीय नाही. आमची लॅब राजापेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली ट्यूशन क्लास, त्याच्या खाली झेरॉक्सवाला, आणि रस्त्यावर दिवसभर हॉर्न. पण एकदा डोळे आयपीसला लावले की हे सगळं हळूहळू लांब जातं. खाली गुलाबी रंग पसरलेला असतो. त्यात किडनीच्या गाळण्या, सुताच्या गुंड्यांसारख्या गोल गोल. त्यांच्या भोवती नळ्या, वळत वळत कुठे तरी निघालेल्या. मी त्या नळ्यांच्या कडेकडेने फिरत राहते. क्लासमधल्या पोरांचं पाढ्यांसारखं सूत्रं म्हणणं कानावर येत असतं, पण ते शेजारच्या गावातून यावं तसं. किती वेळ गेला ते कळत नाही. चहा गार होतो आणि नसीमभाई कुणाला तरी फोनवर सांगताना ऐकू येतात, "थांबा जरा, मॅडम पोचल्या."

तर अशीच मी आदल्या दिवशी तायड्यांच्या तुकड्यात फिरून आले होते.

प्रल्हाद तायडे, वय बावन्न, अकोल्यात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. आठ वर्षांपासून ब्लडप्रेशर. तीन महिन्यांत त्यांचं क्रिएटिनीन दीडवरून सातवर गेलं होतं. क्रिएटिनीन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी चांगली असेल तर ते एकच्या आसपास राहतं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं होतं. पण सोनोग्राफीत किडन्यांचा आकार चांगला दिसत होता, म्हणून अकोल्याचे किडनीचे डॉक्टर गावंडे यांना शंका आली आणि त्यांनी तुकडा काढून माझ्याकडे पाठवला. सोबतच्या फॉर्मवर त्यांच्या असिस्टंटने व्यवस्थित इंग्रजीत लिहिलं होतं की पेशंट सकाळचा डोस रोज चुकवतो.

मी स्लाइड पाहिली. रक्तवाहिन्या थोड्या जाड झाल्या होत्या, काही गाळण्या वाळल्या होत्या. नळ्यांची बरीच नासाडी होती. बीपी आणि गोळी चुकवणारा माणूस, जुळलं की! मी रिपोर्टात लिहून टाकलं: बीपीमुळे झालेलं नुकसान. नळ्यांची नासाडी इतकी का, हा प्रश्न मनात आला होता. पण तो मी येऊ दिला आणि जाऊही दिला. तुकड्यात बघायच्या आधी मी कागदात बघितलं होतं. एवढ्या वर्षांनंतर हे कबूल करताना लाज वाटते, पण तसं झालं खरं.

आता नसीमभाई म्हणत होते, किरकिरतंय. हा माणूस तीस वर्षं ब्लेड चालवतोय. त्याच्या हाताला लागलं म्हणजे काहीतरी आहेच.

मी सही न करता पुन्हा मायक्रोस्कोपपाशी बसले. आमच्याकडे एक साधी युक्ती असते. दोन काचा, एक स्लाइडच्या खाली आणि एक वर. वरची फिरवली की सगळा उजेड विझतो. गुलाबी रंग जातो, नळ्या जातात, गाळण्या जातात. नुसता अंधार. त्या अंधारात फक्त खडे असतील तरच चमकतात. पोलरायझर म्हणतात त्याला.

मी काच फिरवली.

अगं माय! अख्खी स्लाइड पेटली. निळे, पिवळे, पांढरे तुकडे, पंख्यासारखे उघडलेले, प्रत्येक नळीत चार-चार, सहा-सहा. मी स्लाइड हलवत राहिले आणि ते एकामागून एक येत राहिले. साध्या उजेडात हेच खडे काचेसारखे पारदर्शक होते, म्हणून मी त्यांच्यावरून फिरून आले होते. मला भीती वाटायला हवी होती. पण पहिली दोन-तीन मिनिटं मी नुसती बघत बसले, इतकं ते देखणं होतं. मग बाहेर बाकावरच्या बाईची आठवण झाली.

मी गावंड्यांना फोन लावला.

"सर, तायड्यांचं बीपी नाही. ऑक्झलेट आहे. नळ्या खचाखच भरल्यात."

"ऑक्झलेट? नक्की?"

"पोलरायझर लावलाय. दिवाळी दिसतेय नुसती."

आम्हा दोघांनाही कळत होतं की हे प्रकरण कुठे जातंय. ऑक्झलेट, म्हणजे खडे धरणारा एक क्षार, अंगात साठण्याची कारणं मोजकीच. एक तर जन्मजात दोष, ज्यात लिव्हरच ते जास्त तयार करतं. नाही तर ते तोंडावाटे पोटात जातंय. दोन्हींत एक गोष्ट सारखीच होती. कारण न शोधता बायकोची किडनी बसवली तर तीही अशीच भरून जाणार. एका घरातल्या दोन माणसांच्या किडन्या जाणार, आणि माझी सही त्याच्याखाली असणार.

"पेशंटला विचारायला हवं काय खातो-पितो ते," गावंडे म्हणाले. "बायको तिथेच आहे ना? विचारा की."

"मी?"

"मग कोण, नसीमभाई?"

मी तायड्यांच्या बायकोला, शोभाताईंना, आत बोलावलं. पन्नाशीच्या आतल्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीत सगळ्या रिपोर्टांची फाइल आणि पाण्याची बाटली. खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"झाला का जी रिपोर्ट? मले वलगावले मायकडं मुक्काम करून सकाळीच निंघायचं आहे."

"होतोय. त्याआधी एक सांगा. ते सकाळची गोळी का चुकवतात?"

"कोन? हे?" त्या एकदम ताठ झाल्या. "नाई वो मॅडम! गोळी त एक दिवस नाई चुकोली त्यायनं. माह्या डोळ्यासमोर घेतात."

"इथे तर लिहिलंय, सकाळचा डोस रोज चुकतो."

"कोनं लिवलं असं? त्या पोट्ट्या डॉक्टरनं इचारलं, सकाळी काय काय घेता? यायनं सांगतलं, गोळी घेतो, अन् सकाळचा चुका रोज असतेच. आता यात काय खोटं आहे?"

"चुका म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना भाकर म्हणजे काय असं विचारलंय. "चुका वो! भाजीचा. आंबट चुका. तुमी खात नाई का?"

मी खाते. मीही इथलीच, लहानपणापासून चुक्याचं वरण खाल्लंय. पण त्या असिस्टंटने 'सकाळच्या चुका' ऐकलं होतं, त्याचं इंग्रजी केलं होतं आणि ते इंग्रजी वाचून मी गपगुमान मान डोलावली होती.

"किती घेतात?"

"गिलासभर. कच्चा रस, अन्नोशापोटी. मीच काढून देतो मिक्सरमंधून. पालक टाकतो थोडा." आमच्याकडे बायकाही देतो, टाकतो असंच म्हणतात.

"केव्हापासून?"

"दिवाळी झाल्यावर. दुकानात एक गिऱ्हाईक आलतं, त्यानं सांगतलं, चुक्यानं बीपी उतरते. बजारातला बासी राहते म्हून म्या अंगनात वाफाच केला. एक दिवस खाडा नाई पडू देल्ला. डायलिसिस लागलं तवा त दोन गिलास केले."

मी डोळे मिटले. खाली क्लास सुटला होता आणि जिन्यावर पोरांचा धबधबा चालला होता.

आता वाचणाऱ्यांनी उद्यापासून पालेभाजी सोडू नये. चुका, पालक, सगळ्यांत थोडंफार ऑक्झलेट असतं. डाळीत शिजवून कधीमधी खाल्लं तर निरोगी किडनी ते मुकाट्याने बाहेर टाकते. पण बीपीने आधीच दमलेली किडनी, आणि रोज उपाशीपोटी कच्चा गिलास म्हटल्यावर ते नळ्यांत जाऊन बसतं आणि त्याचे खडे होतात.

हेच मी त्यांना सांगितलं, जमेल तितक्या हळू आवाजात. त्या ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हंजे मीच देल्लं त्यायले."

"तुम्ही औषध म्हणून दिलंत."

"देल्लं त मीच ना."

मी पेशंटशी बोलत नाही ते याचसाठी. मी उगाच मायक्रोस्कोप त्यांच्याकडे वळवला आणि म्हटलं, "बघता का?" आजही मला कळत नाही मी तसं का केलं.

त्यांनी पदर मागे घेतला, एक डोळा मिटला आणि वाकल्या. खूप वेळ बघत राहिल्या. नसीमभाई दारात येऊन उभे होते. पंखा फिरत होता. त्या अंधारात त्या कुठवर जाऊन आल्या कोण जाणे.

"किती देखनं हाये वो," त्या म्हणाल्या. "हे जाते का यातून?"

"थोडंफार जातं. रस आज बंद झाला तर."

त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि तिथेच फोन लावला. "ऐका. अंगनातला चुका उपटून टाका. आताच. काहून म्हंजे? मॅडमनं सांगतलं. बीपीचं नाई हे, चुक्याचं हाये. सारा उपटा, एक पान ठेवू नका. नाई... मी कायले रडू? पंख्याचा आवाज हाये तो."

नागपूरचं जाणं पुढे ढकललं. मी जुना रिपोर्ट फाडला, नवा टाइप केला, सही केली. जन्मजात दोषाची तपासणी बाहेर पाठवली, ती स्वच्छ आली. गावंड्यांनी रोज भरपूर डायलिसिस आणि रक्तातलं ऑक्झलेट खाली आणण्याचा सपाटा लावला. त्या असिस्टंटने मला फोन करून माफी मागितली. मुंबईकडचा, गुणी मुलगा. म्हणाला, "मॅडम, मला वाटलं वऱ्हाडीत असंच म्हणत असतील." मी त्याला काय रागावणार? मला तर वऱ्हाडी येत होती.

तेव्हापासून माझ्या फॉर्मवर एक ओळ जास्तीची आहे: पेशंट काय खातो-पितो, ते त्याच्याच शब्दांत लिहा. भाषांतर करू नका. निम्मे लोक ती रिकामी सोडतात, मग मी फोन करते.

तायड्यांचं डायलिसिस चौथ्या महिन्यात सुटलं. क्रिएटिनीन अडीचवर येऊन थांबलं, त्याखाली गेलं नाही. दुकान पुन्हा उघडलं. वर्षभराने शोभाताई वलगावला जाता जाता ताजा रिपोर्ट दाखवायला लॅबमध्ये आल्या. मी म्हटलं, छान आहे की.

"त्यातलं काही अजून आत असंन का जी?"

"असेल थोडं. व्रण तर राहणारच. जपलं तर खूप वर्षं चालेल."

"अन् नाई चाललं त?"

मी रिपोर्ट त्यांना परत दिला. त्या फाइल पिशवीत घालत होत्या.

"मंग मी माही किडनी राखूनच ठेवतो," त्या म्हणाल्या. "नागपूरच्या डॉक्टरनं पयलेच सांगतलं होतं, देणाऱ्याचं वजन वाढू नये, शुगर होऊ नये. रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो मी. मीठ कमी केलं. यायले म्हनतो, गुडघ्यासाठी चालतो. तुमी सांगू नका बरं."

मी बरं म्हटलं.