पाणबुड्याचा सैल खांदा

परवा नातीचा पुण्याहून फोन आला. वय सव्वीस, नोकरी चांगली, आणि पगारातला बराचसा भाग वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या माणसांवर जातो. ती त्यांच्याशी खेळत नाही म्हणे, 'जमवते'.

"आजी, एकाचा हात लोंबायला लागलाय. सांधा सैल झालाय. तू पूर्वी असलं काहीतरी दुरुस्त केलं होतंस ना?"

"केलं होतं की. पहिलं म्हणजे, त्यात लाख घालू नकोस."

"लाख? असं कोण करेल?"

सव्वीस वर्षांची एक शहाणी होती, तिनं केलं होतं. तिचीच ही गोष्ट.

तेव्हा आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत माडीवरच्या दोन खोल्यांत राहायचो. 'आम्ही' म्हणायचं आपलं. आमचे हे मालवाहू बोटीवर इंजिनाच्या कामाला होते, वर्षातले दहा महिने पाण्यावर. कोल्हापुरात बोट म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं रंकाळ्यातली होडी येते. भाजी घेताना एकीनं मला विचारलं होतं, "मग जेवायला घरी येत न्हाईत व्हय?"

दर सुट्टीला येताना हे कुठल्याशा बंदरातून एक माणूस घेऊन यायचे. पहिला शिपाई, मग पाणबुड्या, मग काचेचं शिरस्त्राण घातलेला अंतराळवीर, शेवटी रुंद टोपीचा गुराखी. पोरांची खेळणी नव्हेत ही, यांचा शौक. इंजिनावरचा माणूस, त्याला सांध्यांचं कौतुक. "बघ, कोपर वळतं, मनगट वळतं, गुडघा वळतो. खांद्यात गोळी बसवलीय, वाटीत कशी फिरती बघ." मला मात्र कधी विचारलं नाही की तुझे गुडघे जिन्यावर दुखतात का. सुतारानं काचेच्या सरकत्या दाराची शोकेस करून दिली. चौघं त्यात उभे राहिले. जाताना दर वेळी मला एकच हुकूम: "नुसतं बघायचं. हात लावायचा न्हाय."

हे गेल्यावर चार दिवसांनी मी हात लावला.

हे सांगताना आज हसू येतं, पण तेव्हा माझं एकदम गंभीरपणानं चालायचं. सकाळी गुराख्याला खिडकीत बसवायचं, पोस्टमन दिसतो का बघायला. शिपायाला स्टोजवळ उभं करायचं, दूध उतू जाऊ नये म्हणून. दूध तरीही उतू जायचं, मग त्याला बोलणी बसायची. "झोपा काढतोस व्हय रे उभ्या उभ्या?" दुपारी जेवताना पाणबुड्या माझ्या ताटासमोर पाटावर. गुडघे वाकवून, पाठ भिंतीला टेकवून. त्याच्याशी मी सगळं बोलायची. आमटीत मीठ जास्त झालंय का, खालच्या घरमालकीण अक्कांनी म्हशीच्या दुधाचा दर वाढवून सांगितला का, तेसुद्धा. संध्याकाळी दिवा लावला की त्याचा हात वर करायचा, नमस्कारासारखा. अंतराळवीर तेवढा शोकेसमध्येच असायचा. त्याचा चेहरा काचेत होता, त्याच्याशी बोलणं जमायचं नाही.

लग्न झालेली, शाळेत दोन वर्षं शिकवून आलेली बाई. दार लावून हे उद्योग. जिन्यावर पाऊल वाजलं की तिघं पदराखाली.

आणि यांना पत्रात काय लिहायची? 'मजेत आहे. वेळ कसा जातो कळत नाही.' निळ्या पातळ कागदावर, सुंदर अक्षरात. मास्तरीणच ना, अक्षराला कमी नव्हती.

वर्षभर असं चाललं आणि मग तिघं ढिले पडले. शिपाई उभा केला की दारू प्यायल्यासारखा पुढं वाकायचा. गुराख्याची मान लटकली. पाणबुड्याचा उजवा खांदा तर पार गेला, हात वर करावा की धपकन खाली. बसवायला गेलं तर पाय पसरून आडवा.

त्याच आठवड्यात यांचं पत्र आलं. पंधरा दिवसांत येतो. आणि खाली एक ओळ अशी की मी ती उभ्यानं वाचायला सुरुवात केली आणि बसून संपवली. उद्यमनगरातला एक ओळखीचा माणूस लेथचं वर्कशॉप वाढवत होता, भागीदार हवा होता. 'बोट सोडून हे करावं का, तिथं आल्यावर ठरवू. तुला विचारून.'

आता कुठल्याही बाईनं काय केलं असतं? देवापुढं साखर ठेवली असती आणि ते उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आत म्हणाली असती, राहा. आमच्या शहाणीनं काय केलं? तिनं मनाशी ठरवलं की मी एक अक्षर बोलणार नाही. राहायचं तर त्यांना आपलंआपण वाटलं म्हणून राहावं. बायको एकटी रडती म्हणून समुद्र सोडला, असं उद्या कोण म्हणायला नको. आणि ते ढिले सांधे म्हणजे तर चोरीचा माल उघड्यावर. एकदा यांनी गुडघा हलवून बघितला की कळणार, ही बया दिवसभर काय करत होती. तेव्हा ते येण्याआधी सगळं घट्ट झालंच पाहिजे.

म्हणजे बघा, माझ्या बाजूनं बोलणारे तीनच साक्षीदार होते, आणि मी त्यांची तोंडं बंद करायला बसले.

पहिल्यांदा सांध्यांत शिवणाचा दोरा गुंडाळला. दोन दिवस टिकला. मग मेणबत्तीचं मेण. चैत्रातली दुपार, मेण घाम फुटल्यासारखं बाहेर आलं. मग एका संध्याकाळी गळ्यातल्या साजावर हात गेला आणि डोक्यात प्रकाश पडला. साजाचे मणी आतून पोकळ, त्यात लाख भरलेली असते म्हणून ते दबत नाहीत. सोन्याला चालतं ते प्लास्टिकला का चालू नये?

गुजरीत, सोनारांच्या गल्लीत गेले. ओळखीच्या सोनाराला म्हटलं, थोडी लाख द्या.

"कशाला वो वैनी?"

"साजाचा मणी हलतोय."

"मग साज काढा की. भरून देतो हितंच."

"नको. मी घरीच भरणार हाय."

त्यानं चष्मा कपाळावर घेतला. "वैनी, चाळीस वर्सं झाली मला ह्या धंद्यात. मणी घरात भरणारी बाई पयल्यांदा बघितली." पण सुपारीएवढा खडा कागदात बांधून दिला. परत निघाले तेव्हा मागून म्हणाला, "हात भाजला तर आमचं नाव सांगू नका."

स्टोवर पळीत लाख वितळवली. डाव्या हातानं पाणबुड्याचा हात वर धरला, खांद्याची फट उघडी राहावी म्हणून, आणि उजव्या हातानं पळी तिरकी केली. लाख गेली आत. सोनं गरम लाख सोसतं, प्लास्टिक सोसत नाही, हे मला खांदा पिळून वाकडा झाल्यावर समजलं. गार झाल्यावर बघते तो हात वरच. खाली ओढला, येईना. वर्गात मागच्या बाकावरचं पोर 'बाई, जाऊ का?' म्हणून हात करतं तसा.

त्या वासानं खालच्या घरमालकीण अक्का वर आल्या. गडहिंग्लजकडच्या, आवाज असा की म्हैस दोन गल्ल्या पलीकडून परत येईल. तिघांना पदराखाली घ्यायला वेळच मिळाला नाही.

"काय जळालं गं?" मग त्यांना पाणबुड्या दिसला. हातात घेऊन उलटा सुलटा केला. "ह्यो कुणाला बोलवतोय?"

"पडला होता, अक्का. चिकटवत होते."

अक्कांनी पाटाकडं बघितलं, तिथल्या दोन ताटांकडं बघितलं. दुसऱ्या ताटात नखाएवढी भाकरी होती. जाताना फक्त म्हणाल्या, "सांच्याला खाली येत जा जेवायला. आमच्यात बी आमटी असती."

मी गेले नाही. एकदा गेलं म्हणजे आपण एकटे आहोत हे सगळ्या गल्लीला सांगितल्यासारखं होईल, असं मला वाटायचं.

बाकी दोघांचं मात्र जमलं. लग्नातली नेलपॉलिशची बाटली तळाशी घट्ट होऊन पडली होती. हात-पाय कढत पाण्यात धरले की प्लास्टिक मऊ पडायचं आणि गोळी वाटीतून निसटायची. गोळीवर पातळ लेप द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, पुन्हा लेप. तीन लेपांत शिपाई ताठ उभा राहिला. मला इतका आनंद झाला की सांगायला माणूस शोधायला लागले.

हे आले. आंघोळ, जेवण, आणि थेट शोकेस. पाणबुड्याला मी सगळ्यांच्या मागं उभा केला होता. पण हात वर असल्यावर माणूस लपतो थोडाच.

"ह्याला काय झालं?"

"पडला."

यांनी शिपाई काढला. गुडघा हलवला, कानाशी नेला, वास घेतला. इंजिनवाल्याची खोड. "नेलपॉलिश लावलंयस आत."

"सैल झालं होतं जरा."

"जरा न्हाय. वाटीचा काठ झिजलाय. हजार डाव हलवल्याबिगार असं होत न्हाय."

"अक्का फडकं मारतात रोज."

"फडक्यानं गुडघा झिजतो व्हय गं?" ते माझ्याकडं वळले. आवाज खाली आला होता. "तू बोलत बसतीस काय ह्यांच्याशी?"

किती सोपं होतं. एक 'व्हय' म्हणायचं होतं.

"मी? खुळी हाय काय मी!" वर हसलेसुद्धा.

त्यांनी शिपाई जागेवर ठेवला. काच सरकवली. चहा झाला तसं विचारलं, "मग काय करू? त्या वर्कशॉपवाल्याला काय सांगू? राहू का जाऊ?"

"जावा की. मला काय होतंय हितं?"

त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग "बरं" म्हणाले. महिन्यानं गेले. उद्यमनगरातल्या माणसाला दुसरा भागीदार मिळाला.

ते वर्ष कसं गेलं ते लिहीत नाही. पाणबुड्याच्या जागी शिपायाला घेतला; तो घट्ट होता, पाटावर बसेना. मी त्याला रोज वाकवून वाकवून पुन्हा सैल केला. गुराखीही ढिला झाला. या खेपेला मी नेलपॉलिशची बाटली उघडली नाही. तसेच लोळागोळा झालेले दोघं शोकेसमध्ये टेकवून ठेवले. येतील, बघतील, विचारतील. उत्तर पाठ करून ठेवलं होतं.

हे आले आणि त्यांनी शोकेस उघडलीच नाही. दमले होते. झोपत, पेपर वाचत, पुन्हा झोपत. मी काच पुसायच्या निमित्तानं चारदा तिथं उभी राहिले. एकदा गुराखी मुद्दाम पाडला. "उचल की," पेपरामागून आवाज आला.

सहाव्या दिवशी मी पेपर खाली ओढला.

"मला करमत न्हाय हितं."

"कधीपासनं?"

"तुम्ही पयल्यांदा गेलासा तवापासनं."

त्यांनी पेपराची घडी घातली, नीट, चारदा. "मग गेल्या डावाला 'जावा की' का म्हणालीस?"

"राग आला होता."

"कशाचा?"

"तुम्हाला विचारायला लागलं, आपलंआपण कळलं न्हाय, त्याचा."

ते उठून शोकेसपाशी गेले आणि गुराख्याची मान धरून बघितली. पुढच्या अठरा महिन्यांच्या करारावर सही करूनच ते आले होते. तारीख आल्यावर ते गेले. जिन्यावरून उतरताना मात्र या खेपेला मला कसलाही हुकूम केला नाही, आणि मीही 'जावा की' म्हणाले नाही. त्या संध्याकाळी मी खाली अक्कांकडं जेवायला गेले.