दौंडला हसवायला गेले, सत्कार घेऊन आले

डिसेंबर लागला की लोकांना आमची आठवण येते. वर्षभर कुणी हिंग लावून विचारत नाही, आणि मग एकाच आठवड्यात फोनावर फोन. "ताई, दिव्यांग कला महोत्सव आहे, काहीतरी प्रेरणादायी करा ना." प्रेरणादायी हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अहो, मी बतावणी करते! तमाशातली मावशी असते ना, येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेणारी, ती मी दोन कुबड्यांवर उभी राहून करते. माझी मावशी अपंगत्वाचा दाखला काढायला निघते आणि दाखल्याचं ऑफिस असतं दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. त्यावर लोकांनी पोट धरून हसायचं असतं.

तरी दौंडला जायचं ठरवलं, ते एका माणसासाठी. पाटसजवळच्या एका गावच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते फोनवर म्हणाले, "दौंडात बघतो तुमची बतावणी. लोक हसलं तर आपल्या जत्रंत घिऊ तुमाला." जत्रेत! दया म्हणून नाही, कलाकार म्हणून, सुपारी घेऊन. असं आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं. मी दोन रात्री नीट झोपले नाही.

सकाळी शिरूरहून निघालो. जादा चाकं लावलेली माझी स्कूटर, मागे माझे ढोलकीवाले बबनआप्पा, आमच्या मध्ये ढोलकी. आप्पांना दिसत नाही, पण माझा श्वास कुठं तुटतो ते त्यांना माझ्याआधी कळतं. रस्ता न्हावरा, केडगाव चौफुला, पाटस, दौंड. आमच्यासारख्या तीनचाकी, चारचाकी स्कूटरवाल्यांना सांगते, उसाचा हंगाम चालू असेल तर दोन-दोन ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या नादी लागू नका. गुमान बाजूला थांबा, जाऊ द्या त्याला. जाऊनयेऊन तीनशेच्या आसपास पेट्रोल लागलं. पुण्याहून येणाऱ्यांना डेमू लोकल सोयीची, थेट दौंडात सोडते.

चौफुल्याला मिसळ खाल्ली. हॉटेल निवडताना मी आधी पायरी बघते, मग पदार्थांची पाटी. जिथं पायरी नव्हती तिथला पाव कालचा होता. खाल्ला, काय करता? रस्सा मात्र झणझणीत. समोर तमाशा थिएटरांच्या पाट्या होत्या, मी त्या आप्पांना वाचून दाखवल्या. आप्पा म्हणाले, "इथं लई वाजवलंय मी. तवा कुनी इचारलं न्हाई, दिसतंय का म्हनून. ठेका बराबर हाय का, एवढंच बघायचं."

कार्यक्रम दौंडातल्या एका मंगल कार्यालयात. बाहेर भलामोठा फ्लेक्स, त्यावर पाहुण्यांचे फोटो, आमचा एकाचाही नाही. आत पुढं पाहुण्यांना सोफे आणि तीनचाकी सायकलींवरून आलेली माणसं पार मागं, जेवणाच्या टेबलांजवळ. महोत्सव कुणाचा, बसलंय कोण! दिव्यांगांचा संडास कुलूपबंद. किल्लीवाला हार आणायला गेलेला. तो आल्यावर दार उघडलं तर आत छतापर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचलेल्या. स्टेजला पाच पायऱ्या, धरायला काही नाही. मी "थांबा" म्हणेपर्यंत दोघा कार्यकर्त्यांनी बगलेत हात घालून मला वर ठेवलंसुद्धा. माणसाला हात लावायच्या आधी विचारतात, एवढंही यांना कुणी शिकवलं नसेल?

निवेदक गहिवरून सांगत होता, "आप्पा लताताईंचे पाय, आणि लताताई आप्पांचे डोळे!" आप्पा माझ्या कानाशी पुटपुटले, "माझं गुडघं आधीच दुखत्यात, तुला काय डोंबल उपेग!"

ढोलकी वाजली. मी सुरू केलं. पहिला विनोद, शांतता. दुसरा विनोद, एका बाईनं डोळ्याला पदर लावला. अगं बाई, मावशी जिन्यावर साहेबाला शिव्या घालतेय, रडतेस कशाला! तिच्या शेजारच्या पोरीला हसू फुटलं तर बाईनं तिच्या दंडाला चिमटा काढला. "हसू नगं, पाप लागंल." मला स्टेजवर ऐकू आलं ते. दुसऱ्या सोफ्यावर मामा बसले होते, गंभीर चेहऱ्यानं, मांडीवर हात जोडून.

हसत होते फक्त मागचे. सायकलींवरचे, काठ्यांवाले. दाखल्यासाठी जिने चढून आलेली माणसं ती, त्यांना कोण थांबवणार? टेबलं बडवून हसत होते.

आणि ऐन रंगात प्रमुख पाहुणे उठले. त्यांना कुठल्याशा दशक्रिया विधीला जायचं होतं, म्हणून सत्कार आत्ताच उरकायचा. बतावणी चालू असताना! ते वर आले, ढोलकी थांबवली, माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि नारळ पुढं केला. फोटोवाले धावले. माझे दोन्ही हात कुबड्यांवर. साहेब नारळ धरून उभे, मी त्यांच्याकडे बघत उभी. संताप माझा होता, पण तोंडातून मावशीच बोलली. "सायेब, ह्या दोन काठ्यांतली कंची सोडू तेवढं सांगा, म्हंजी नारळ घेते. पडले तर उचलायला थांबनार का, का तिकडं पिंडाला कावळा शिवायचाय?"

मागं नुसता कल्लोळ. आप्पांनी असा ठेका दिला की भिंती हादरल्या. साहेबांनी नारळ निवेदकाच्या हातात कोंबला आणि गेले. त्यांच्यामागे सोफेही रिकामे झाले, मामा तेवढे बसून राहिले. आम्ही पुढची सगळी बतावणी मागच्यांसाठी केली. इतकी मोकळी मी कधीच केली नव्हती.

खाली उतरल्यावर मामांना गाठलं. "बघितलंत ना? हसले लोक."

मामा अवघडले. "हसलं, पन ते तुमचंच लोक, ताई. आपलं लोक कुठं हसलं?"

तुमचे आणि आपले! परतीच्या वाटेवर पाटसला चहा घेतला, तो कसा होता ते आठवत नाही.

घरी येऊन आठवडा झाला. दौंडला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जा, आणि मागच्या रांगेत बसा, तिथली माणसं फार झकास आहेत. माझ्या कानात अजून त्यांचंच हसणं आहे. आणि तितकाच रागही आहे, तो उतरलेला नाही, उतरवायचाही नाही.

काल मामांचा फोन आला. "ताई, कमिटीत ठरलं. जत्रंला तुमाला बोलवायचं."

मी आप्पांना हाक मारणार, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "तुमचा सत्कार ठिवलाय. कार्यक्रम दुसऱ्या तमाशा पार्टीचा हाय."

मी म्हटलं, "मामा, सत्कार त्या पार्टीचा करा. स्टेज मला द्या."

मामा खो-खो हसले. चांगले खोकला येईपर्यंत हसले. आणि मी अजिबात विनोद करत नव्हते.