झडतीत जप्त केलेल्या चार गोळ्या

आधीच सांगतो, या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर टिंगल करायलाच वाचायचो. भूत, करणी, संकेत... सगळं थोतांड. आजही तसंच म्हणायचंय, पण जीभ रेटत नाही.

मी हिंजवडीत नोकरीला, राहायला कर्वेनगरात. सुट्टीच्या दिवशी एक ऑनलाइन रोलप्ले गेम खेळतो. त्यात मी पोलीस. झडतीचे नियम कडक — थांबवलं तर कारण सांगायचं, समोरच्यानं खिशात काय आहे ते खरं टाइप करायचं, आणि जप्त वस्तू मालक स्वतः चौकीत आला तरच परत. थांबवण्याचं कारण म्हणून मी काहीही ठोकून द्यायचो. नवख्यांना रडवायला मजा यायची, खोटं कशाला बोलू?

त्या शनिवारी दुपारी गेममधल्या चौकात एक म्हातारा दिसला.

"हात वर! तोंड आवडलं नाही, हे कारण."

त्यानं टाइप केलं, "दोरा गुंडाळलेला चष्मा. रुमाल. जिभेखाली ठेवायच्या चार गोळ्या."

"नशेच्या! जप्त."

"अहो साहेब, तेवढ्या राहू द्या. छातीत दुखतं हो."

"मग मरा की रस्त्यात," मी लिहिलं आणि खो-खो हसलो. तो हात वर करून तसाच उभा राहिला. मी जेवायला उठलो.

पहिला घास घेतला तोच फोन आला. माझे वडील, अण्णा, नारायण पेठेत मित्राकडे निघाले होते, ते रस्त्यातच कोसळले. बघणारे म्हणाले, सारखा शर्टाचा खिसा चाचपत होते. खिशात रुमाल होता. चष्मा होता, दांडीला दोरा गुंडाळलेला — दुरुस्त करून आण, असं ते मला महिनाभर सांगत होते. गोळ्या नव्हत्या.

अण्णा गेले.

अण्णांचे दिवस झाल्यावर मी गेम उघडला. त्या म्हाताऱ्याच्या नावाचा खेळाडू कधी नोंदलेलाच नाही, असं गेम चालवणारा म्हणतो. पण चौकीच्या कपाटात माझ्या नावावर चार गोळ्या जमा आहेत. 'परत करा' दाबलं की एकच उत्तर येतं — मालक हजर नाही.

हे काय होतं, मला अजून कळलेलं नाही. कुणाला कळलं तर सांगा.

आईला यातलं काही माहीत नाही. ती रोज विचारायची, "चारच उरल्या होत्या, मी माझ्या हातानं खिशात घातल्या रे. मग गेल्या कुठे?"

मी म्हणायचो, "तू विसरली असशील."

परवापासून तिनं विचारणं बंद केलंय. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माझंच चुकलं. मीच विसरले." आणि मी समोर बसून ऐकतो.