पट्टी भरेपर्यंत

लिंबायतला आमच्या खालच्या मजल्यावर साड्यांची डिझाइनं काढणारा एक शेजारी राहतो. त्याच्या प्रत्येक वाक्याच्या एका टोकाला तरी ‘भाऊ’ असतोच. त्याचा जुना कॉम्प्युटर पदराचे रंग भरायला लागला, की पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकायची. तेवढ्यात तो माझ्याकडे वळून म्हणायचा, “बोला भाऊ, पट्टी भरस तोपर्यंत.” घरात कुणी ऐकून घेत नाही ते माझे सगळे किस्से त्याने असे वर्षानुवर्षं ऐकले.

नवा प्रोसेसर घ्यायचं ठरलं, तेव्हा सल्ल्याला म्हणून त्याने मलाही नेलं. मला त्यातलं काय कळतंय! दुकानात त्याने एकच पदर दोन कॉम्प्युटरांवर लावला. स्वस्त प्रोसेसरवर पट्टी निवांत सरकत होती. महागड्यावरची मी घसा खाकरेपर्यंत भरलीसुद्धा.

“स्वस्तवालाही काही वाईट नाही हं,” मी सल्ला दिला.

“व्यापारी थांबस का, भाऊ? वरचे पैसे दिवाळीच्या कामात निघतील,” म्हणत त्याने महागच घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो चक्क आमच्या घरी आला. “काम लवकर आटपलं, भाऊ. आता निवांत बोला.”

मी सरसावून बसलो, पण एक किस्सा सुचेल तर शपथ. तोही गुडघ्यावर बोटं वाजवत गप्प. चहा झाला, तरी दोघं तसेच.

शेवटी बायको स्वयंपाकघरातून डोकावली. “काय हो, भांडलात की काय दोघं?”