घराचा एकच पत्ता

बायकोचे दिवसकार्य आटोपल्यावर नारायण पेठेतल्या एक बाई दोन बस बदलून आमच्याकडे विश्रांतवाडीला आल्या. कॅन्सरच्या पेशंटांनी एकमेकांशी बोलावं म्हणून त्या इंटरनेटवर एक पान चालवतात. आमच्या हिला त्या पानाचा फार आधार होता. मी तिला नुसता धीर देत असे, तिथल्या बायकांना तिचं दुखणं कळायचं.

शेवटी शेवटी ते पान तिच्या टॅबवर उघडेनासं झालं. ‘आपल्याला प्रवेश नाही’ एवढंच यायचं. टॅब मिटून ती म्हणाली, “मी फार रडगाणं गायले असणार.” त्यानंतर ती गप्पच झाली.

म्हणून बाईंना मी पाणीसुद्धा विचारलं नाही. मरणाऱ्या बाईला हाकलून काय मिळवलंत, असं तोंडावर विचारलं. त्या रडायलाच लागल्या. हिला कुणी काढलंच नव्हतं. एका तरुणाने तिथे येऊन वाटेल तशा शिव्या दिल्या, म्हणून फक्त त्याचा इंटरनेटवरचा पत्ता त्यांनी बंद केला होता. ही अचानक लिहायची थांबली, तेव्हा आपलंच काही चुकलं असं त्यांना वाटत राहिलं.

मुलगा कॉम्प्युटरमधला. संध्याकाळी त्याला विचारलं, दुसऱ्याच कुणाचा पत्ता बंद केला तर तुझ्या आईचं पान कसं बंद होतं? त्याने टीव्हीशेजारचा राउटर दाखवला. घरातल्या प्रत्येक यंत्राला वेगळा नंबर असतो, पण तो घरापुरता. बाहेर काही मागायचं तर राउटर सगळ्यांसाठी स्वतःचा एकच पत्ता देतो, कुणी काय मागितलं ते लक्षात ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. “माझा लॅपटॉप, तुमचा फोन, आईचा टॅब. बाहेरच्याला हे वेगळे दिसतच नाहीत. त्याच्या लेखी आपलं सगळं घर म्हणजे एकच...”

त्याचा चेहरा उतरला.

“बाबा, तिथे कुणीतरी आईला केमो सोडून जडीबुटी घ्यायला सांगत होतं,” तो म्हणाला. “मीच शिव्या घातल्या.”

टॅब मिटला त्या दिवशी ती मला म्हणाली होती, “अहो, पोराला सांगू नका. तो उगाच त्यांच्याशी भांडत बसेल.”

उभ्या जन्मात मी तिचं एवढंच ऐकलं.