खिरीच्या भांड्यातल्या दोन गोळ्या

आमच्या ह्यांना मधुमेह निघाला तेव्हा मुलाने घरात पहिली वस्तू आणली ती गोळ्यांची डबी. औषधाच्या गोळ्या नव्हेत, चहात घालायच्या. बोटभर लांबीची पांढरी डबी, वरचं बटण दाबलं की खालून मसुरीएवढी गोळी टपकन कपात पडायची. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. बटण असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्याचा फार विश्वास.

"बाबा, एका गोळीत चमचाभर साखरेची गोडी आहे. आणि कॅलरी जवळजवळ शून्य."

ह्यांनी घोट घेतला. "गोड आहे," म्हणाले, "पण मागाहून पत्रा चाटल्यासारखं वाटतं."

"सवय होईल."

"कशाची, पत्र्याची?"

तेव्हा आम्ही येरवड्याच्या दोन खोल्या सोडून मांजरीला मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो होतो. इमारती नव्या, लिफ्ट नवी, माणसंही सगळी नवी. मागच्या खिडकीतून मात्र ऊसच ऊस दिसायचा. सुनेने घरातली साखर आणि गूळ, दोन्हींचे डबे कामाच्या बाईला देऊन टाकले आणि खिडकीत उभी राहून म्हणाली, "हे एवढं मात्र माझ्या हातात नाही." सून विनोदी आहे. नोकरीमुळे वेळ मिळत नाही एवढंच.

मला मधुमेह नव्हता. माझ्यासाठी वेगळी साखर ठेवू का म्हणून तिने विचारलं. मी नको म्हटलं. ती ह्यांना सापडली असती. मी बिनसाखरेचा चहा प्यायला लागले, गोळीही घातली नाही. मला पत्र्यापेक्षा काहीच नको, हे बरं वाटलं.

आता डोळ्याचं सांगते, कारण सगळं अडलं होतं ते त्याच्यावर. ह्यांचा उजवा डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला. सगळं आयुष्य डाव्यावर काढलं. त्या एका डोळ्याने कारखान्यात लेथ चालवली, मला पसंत केलं आणि कॅरम खेळले. त्या डाव्यात मोतीबिंदू आला. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, पण बोलायच्या सरळ. म्हणाल्या, "काका, डोळा एकच आहे. तुमची साखर अशी वर असताना मी त्याला हात लावणार नाही. जखम चिघळली तर दुसरा डोळा कुठून आणू? आधी साखर खाली आणा."

हे घरी आल्यावर चप्पल काढून खुर्चीत बसले. मग म्हणाले, "चहा टाक. गोळी घालून."

इमारतीच्या तळमजल्यावर एक हॉल होता. तिथे पेन्शनर मंडळी दुपारी कॅरम खेळायची. ह्यांचा नेम येरवड्यात नावाजलेला. इथे आल्यावर त्यांनी लागोपाठ समोरच्याच्या सोंगट्या घालवायला सुरुवात केली. काळी कोणती नि पांढरी कोणती हे त्यांना कडेला असली तरच कळायचं. पहिल्यांदा लोक हसले. मग जोडीला घ्यायला कुणी तयार होईना. हे वर येऊन म्हणायचे, "आज बोर्डावर पावडर कमी होती." मी म्हणायचे, "हो का." दोघांनाही माहीत होतं. काही दिवसांनी पावडरीचं बोलणंही बंद झालं आणि हे दाराजवळच्या खुर्चीत दिवसभर बसून राहायला लागले.

तर साखर खाली आणायची होती. घर कामाला लागलं. इमारतही कामाला लागली. ह्यांना मधुमेह आहे हे सगळ्यांना कळलं होतं. कुणी बिनसाखरेची बिस्किटं आणली, कुणी मधुमेहवाल्यांसाठीचे खास पेढे. आपल्या लोकांना आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही, आणि गोडाशिवाय दुसरं काही आणायचं सुचत नाही. पूर्वी एखादा पेढा पुढे केला की हे घेताना जरा लाजायचे. आता लाज संपली. "साखर नाही त्यात," म्हणायचे आणि तिसरा उचलायचे.

सुनेने होळीला बिनसाखरेची पुरणपोळी करायचं ठरवलं. मी म्हटलं, एक दिवस नाही केली तर काय होतं. पण तिने साखरेऐवजी घालायच्या पावडरीचा मोठा डबा आणला. गूळ घातला की पुरण आधी पातळ होतं, मग आळून त्याचा गोळा होतो. पावडर घालून मी हात दुखेपर्यंत ढवळलं, डाळ डाळच राहिली. तव्यावर पोळ्या फुटल्या. ह्यांनी एक उचलून चांगल्या डोळ्याजवळ धरली. चांगला म्हणजे त्यातल्या त्यात.

"यात डाळ आणि पोळी शेजारी राहतात," म्हणाले, "ओळख नाही त्यांची."

तरी चार खाल्ल्या.

मुलगा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेला होता. तिथून बिनसाखरेची चॉकलेटं घेऊन आला. पिशवी चांगली जाडजूड होती. हे दुपारी एकटे बसून संपवत राहिले. संध्याकाळी पोटात ढगांसारखं गडगडायला लागलं आणि रात्रीपर्यंत त्यांचा मुक्काम संडासात. सुनेने पिशवी उलटी करून वाचलं. साखरेऐवजी जे घातलं होतं ते जास्त खाल्लं तर पोट बिघडू शकतं, असं त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं. ती दाराबाहेरून म्हणाली, "बाबा, यावर लिहिलंय, जास्त खायचं नाही."

आतून आवाज आला, "आधी वाचायचं होतं."

आणि समोरच्या फ्लॅटमधली बाई. ती नागपूरकडची, नवरा मुलाच्याच धंद्यात. माणूस म्हणून फार मोकळी. दारात उभी राहून कुणाला परत पाठवणं तिला जमायचं नाही, आणि भांडं भरून दिल्याशिवाय करमायचं नाही. शेवयांची खीर, रव्याचा शिरा, दुधीचा हलवा, सगळं गोळ्या-पावडरीचं. हे दाराशीच बसलेले. बेल वाजली की मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत भांडं ह्यांच्या मांडीवर.

"काकू, साखर नाहीच ना जी यात," ती म्हणायची. "काकांना बिनधास्त देऊन द्या."

"काका थांबलेत कुठे," मी म्हणायचे.

भांडं आलं की ते रिकामं परत द्यायचं नाही, हे मला आईने शिकवलेलं. घरात काही नसलं तर निदान चिमूटभर साखर टाकायची. म्हणून मी तिच्या भांड्यात कधी चिवडा, कधी कढीलिंब, कधी चार लिंबं घालून द्यायचे. त्यामुळे ती आणखी पाठवायची. हे मधल्या मधे जाड होत होते.

पुढच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं.

"गोड बंद आहे ना?"

"संपूर्ण," हे म्हणाले. "घरात साखरेचा कण नाही. विचारा हिला."

डॉक्टरांनी मला विचारलं. मी सांगितलं. पेढे, बिस्किटं, खीर, शिरा, हलवा, होळीच्या पोळ्या. हे छताकडे पाहत होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"अहो काका, पेढ्यात खवा आहे. बिस्किटात मैदा आहे. शिऱ्यात रवा, तूप. त्याची साखर पोटात गेल्यावर होतेच. गोळीने तुमची चहातली साखर वाचली, तेवढंच तिचं काम. ती काही बाकीचं धुऊन काढत नाही."

ह्यांनी विषय बदलायचा प्रयत्न केला. "आमच्या कॅरमवाल्यांत एकजण म्हणतो, या गोळ्यांनी कॅन्सर होतो. दुसरा म्हणतो, विसरायला होतं."

"चहातल्या दोन-चार गोळ्यांनी तसं काही झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला शिरा खाल्ल्याचं विसरायला होतं, ते वेगळं."

रिक्षात हे एवढंच म्हणाले, "या डोळ्याने आता तुझा चेहराही नीट दिसत नाही."

"बघण्यासारखं काही राहिलेलं नाही," मी म्हटलं. "पण शिरा बंद."

दोन दिवस बंद होता. तिसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर ओट्यावर समोरच्या बाईचं स्टीलचं भांडं पालथं घातलेलं. स्वच्छ घासलेलं. लग्न झाल्यापासून ह्यांनी घरातलं एक भांडं घासलं नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मिशीला शेवई होती.

मला राग आला होता, पण भांडं परत द्यायचंच होतं. आत घालायला शोधलं तर काही नाही. चिवडा संपलेला, लिंबं संपलेली, आणलेली भाजी म्हणजे एक दुधी, तो दिला असता तर हलवा होऊन परत आला असता. साखर तर घरातून गेलेलीच. हात मात्र रिकामं भांडं न्यायला तयार होईना. ओट्यावर गोळ्यांची डबी होती. साखरेच्या जागी आता हेच आहे ना, म्हणून मी बटण दोनदा दाबलं. दोन गोळ्या भांड्यात पडल्या. झाकण लावलं, समोर दिलं, आले.

त्यानंतर भांडं आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात कुणाकडूनच काही आलं नाही. जिन्यात बायका भेटल्या तर पूर्वीसारख्या थांबेनात. मला वाटलं, सगळ्यांच्या परीक्षा चालू असतील मुलांच्या.

सुनेने खाली बागेत ऐकलं आणि हसत हसत वर आली. "आई, तुम्ही खिरीच्या भांड्यात गोळ्या घालून पाठवल्या?"

"हो. मग?"

"त्यांना वाटलं, खीर गोड नव्हती असं तुम्ही सांगताय. पुढच्या वेळी या घाला, असं. सगळ्या बिल्डिंगमध्ये झालंय. म्हणतात, हा पुणेरी टोमणा. एक शब्द न बोलता मारला. आता कुणाची काही पाठवायची हिंमत नाही."

हे खुर्चीतून म्हणाले, "जा, जाऊन सांग तिला खरं काय ते. बिचारीचा गैरसमज झालाय."

एवढी तळमळ मी त्यांच्या आवाजात बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती.

"सांगेन," मी म्हटलं. "ऑपरेशन झाल्यावर."

सून माझ्याकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि भाकरीचं पीठ काढलं.

पुढचे काही महिने ह्यांना जड गेले. बेल वाजली की मान वर व्हायची, पेपरवाला किंवा गॅसवाला निघायचा. भाकरी, पालेभाजी, उसळ, आणि संध्याकाळी मी त्यांना हाताला धरून कालव्याच्या कडेने चालवायचे. चहात एकच गोळी. दुसरी मागितली की मी डबी कानाजवळ हलवून दाखवायचे, जणू संपत आली आहे. चालताना हे म्हणायचे, "त्या बाईचं मन दुखावलं गं तू." मी म्हणायचे, "पाय उचला."

साखर उतरली. डॉक्टरीण बाईंनी कागद दोनदा पाहिला आणि तारीख दिली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे घाबरलेले होते, हे मला कळत होतं. डोळा एकच. त्यांनी घरभर हात लावत फेरी मारली. दाराची कडी, टीव्ही, पाण्याचं पिंप. गोळ्यांची डबीही उचलून डोळ्याजवळ नेऊन पाहिली आणि जागच्या जागी ठेवली. मी चादरींच्या घड्या घालत होते. घालायच्या नव्हत्या तरी घातल्या.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी आधी भिंतीवरचं घड्याळ वाचलं, मग ते पाच मिनिटं मागे आहे असं नर्सला सांगितलं.

घरी आल्यावर मी समोर गेले. बाईने दार अर्धंच उघडलं. मी आत न जाता सांगून टाकलं, की आमच्याकडे भांडं रिकामं देत नाहीत, काही नसलं तर साखर घालतात, साखर नव्हती म्हणून गोळ्या घातल्या. खीर चांगली होती. मी खाल्ली नाही, पण ह्यांनी भांडं घासलं म्हणजे चांगलीच असणार.

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काकू," ती म्हणाली, "आता राहू द्या ना जी. एवढा भारी टोमणा मारला आणि आता म्हणता, मारलाच नाही."

"नव्हताच मारला."

"आमच्या नागपूरला शिव्या देतात, पण समजतं तरी. तुमच्या पुण्यात सापडतच नाही कुठून लागलं ते."

पण हसली. दार पूर्ण उघडलं. काकांचा डोळा कसा आहे, विचारलं. मी म्हटलं, तुझ्या खिरीवाचून बरा झाला. हा मात्र टोमणा होता. तो तिला कळला नाही.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. हे खुर्चीतच होते, पण डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलेली, म्हणून मी पोचेपर्यंत भांडं तिच्याच हातात राहिलं. मटकीची उसळ होती, बिनगुळाची, असं तिने मुद्दाम सांगितलं. मी भांडं बैठकीतून दिसणाऱ्या ओट्यावर ठेवलं आणि जरा कलतं करून झाकण काढलं.

हे दाराजवळच्या खुर्चीतून, बैठकीच्या त्या टोकावरून म्हणाले, "कोथिंबिरीवर दोन गोळ्या ठेवल्यात तिने."

मी वाकून पाहिलं. खरंच होत्या. मसुरीएवढ्या, पांढऱ्या, कोथिंबिरीच्या पानावर. मला चष्मा लावून शोधाव्या लागल्या.

"दिसतात का तिथून?"

"स्पष्ट," हे म्हणाले. "काढून घे, उसळीत विरघळतील. आणि चहा टाक. आज दोन्ही माझ्या."