तालमीतलं मयत

मी लेखक नाही. भोरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. माझ्यासारख्यानं लिहायला बसणं हा आगाऊपणाच. त्याबद्दल वाचणाऱ्यांची माफी मागतो. ज्यांनी मला जिवंतपणी मयत ठरवलं, त्यांची मागत नाही.

खालच्या गावच्या शाळेच्या पटांगणात मी चिखलात उताणा पडलो होतो. शेजारी माझे वडील, आबा. दोघांच्याही मनगटाला काळी पट्टी.

दरड कोसळली तर गावानं काय करायचं, हे शिकवायला पुण्याहून एक संस्था आली होती. दोन दिवसांचं शिबिर. आमचा धनगरवाडा वर, डोंगराच्या कुशीत. दरड आलीच तर आधी आमच्यावर येणार. म्हणून आम्हाला आग्रहानं बोलावणं होतं. मला बरं वाटलं होतं. कुणीतरी आमचा विचार केला, असं वाटलं होतं.

मग तालीम सुरू झाली. संस्थेच्या साहेबांनी पट्ट्यांचा अर्थ सांगितला. हिरवी किरकोळ जखमीला. पिवळी थोडं थांबू शकेल त्याला. लाल म्हणजे आधी उचलायचा. काळी म्हणजे मेलेला. नारिंगी जाकिटं आणि हेल्मेटं खालच्या गावातल्या पोरांना मिळाली. लाल-पिवळ्या पट्ट्या त्यांच्याच घरच्यांना. आमच्या वाड्याला सगळ्या काळ्या.

"वरच्यांना काळ्याच द्या," साहेब सरपंचांना म्हणाले. "आपण तिथं पोचेपर्यंत तसंही कुणी उरणार नाही."

गणित सोडवावं तसं म्हणाले. रागानं नाही, लोभानं नाही.

सरपंच ओरडले, "पडा रं धनगरांनो! तुमाला काय चिखल नवा हाय?"

आबांनी मुंडासं काढून कोरड्या दगडावर ठेवलं आणि पडले. जाकीटवाले आमच्या अंगावरून ढांगा टाकत लाल पट्टीवाल्यांना उचलायला धावत होते. मी पडल्या पडल्या हात वर केला.

"सर, भोंगा इथं शाळेवर बसवलाय. वर ऐकू येत नाही. मोबाईलला रेंज नाही. आम्हाला कोण सांगणार?"

साहेबांनी कर्णा तोंडाला लावला. "मेलेल्यानं प्रश्न विचारायचे नसतात, बाळा."

सगळं पटांगण हसलं. मीही हसलो. अंगवळणी पडलेलं असतं ते.

संध्याकाळी वर पोचलो, तर आई दारात. आबांच्या मनगटावरची पट्टी काढायची राहून गेली होती.

"ही काय?"

"मेल्याची खूण," मी म्हणालो. शिकलेला ना मी.

मयतावरून आलेल्याला आमच्यात अंघोळीशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. आईनं आबांना तिथंच अडवलं. "थांबा. पानी आनते. कुनाच्या मयताला गेलावता?"

"माज्याच," आबा म्हणाले.

ते हसण्यावारी नेत होते. आई हसली नाही. तिनं अंगणातल्या दगडावर बसवून त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं. विळ्यानं पट्टी कापली. मग माझ्याकडं वळली.

"तू कालीजात जातूस न्हवं? बापाला मेला म्हनले, आन तू काय केलंस?"

दुसऱ्या दिवशी तालमीचे फोटो काढायचे होते. साहेबांनी पुन्हा काळी पट्टी पुढं केली. मी हात मागं घेतले.

"मी बांधणार नाही."

 तिथंच थांबलो नाही. "आम्ही मेलो की तुमची योजना सोपी होते. जगलो तर आमच्यासाठी भोंगा लागेल, माणूस पाठवावा लागेल, जागा शोधावी लागेल. म्हणून तुम्ही आम्हाला आधीच मारून टाकलंय."

"लई शिकला रं ह्यो!" सरपंच म्हणाले. "पड खाली."

साहेब समजुतीनं बोलले, "भावनिक होऊ नका. ही नुसती तालीम आहे."

"मग तुम्ही पडा."

साहेबांनी आधी चिखलाकडं पाहिलं, मग स्वतःच्या पांढऱ्या बुटांकडं. तेवढ्यात आबांनी मुंडासं बांधलं. "चला रं," म्हणाले. अख्खा वाडा त्यांच्यामागं चढणीला लागला. त्या दिवशी तालमीला मयत मिळालं नाही.

आम्ही आमचं ठरवलं. सांगायला कुणीच येणार नाही, असं धरून ठरवलं. पावसाची झड लागली की घरामागच्या झऱ्यावर नजर ठेवायची. पाणी गढुळलं की जित्राबांची दावी सोडायची, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घ्यायचं आणि पलीकडच्या माळावर निघायचं.

श्रावणात झरा लाल झाला. पहिल्यांदा आईनं पाहिलं. आम्ही निघालो. माळावर पोचल्यावर मागं डोंगराचा आवाज आला. आमचं घर गेलं. माणूस एकही गेलं नाही.

तिथून विंझरच्या रस्त्याला उतरलो, तेव्हा खिशात मोबाईल वाजला. रेंज आली होती. संस्थेचा मेसेज होता, आदल्या दिवशी पाठवलेला. आबांना वाचून दाखवला. ते ओलं मुंडासं पिळत म्हणाले, "मेल्यांस्नी सांगावा आला म्हन की."

तो मेसेज मी पुसलेला नाही. साहेब पुन्हा शिबिराला येतील. येतातच. आम्हीही जाणार आहोत, उभे राहायला. त्यांच्या हातातला कर्णा मी घेणार आहे. या वेळी प्रश्न विचारणार नाही. सगळ्या पटांगणाला फक्त वाचून दाखवणार आहे:

"सावधान. आपल्या वस्तीला दरडीचा धोका आहे. तातडीने सुरक्षित स्थळी जावे."